पिवळ्या टोपणाची नळी

ताईची सुई दुखत नाही, ही त्या लॅबची निम्मी जाहिरात होती. दारावर पाटी होती, वेळा लिहिलेल्या होत्या, पण लोक येत ते एकमेकांना सांगून: डावीकडच्या खुर्चीवर बसा, तिथे ताई असतात. किंचाळणारी पोरं, शिरा न सापडणाऱ्या म्हाताऱ्या, सुई दिसताच घाम फुटणारे धिप्पाड गडी, सगळे डावीकडच्या खुर्चीवर. ताई दंडाला पट्टा बांधता बांधता विचारायची, "सकाळपासून काय काय खाल्लंत?" आणि समोरच्याचं आठवून होईपर्यंत नळी भरलेली असायची.

म्हणून बारकीने जेव्हा सांगितलं की डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलंय, तेव्हा ताई म्हणाली, "दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. मी काढणार."

बारकी म्हणजे ताईचं पाठचं भावंड, सात वर्षांनी लहान. जन्मली तेव्हा मुलगा झाला म्हणून घरात सगळ्यांनी बारक्या म्हणायला सुरुवात केली. दोन वर्षांपूर्वी तिने आईला आणि ताईला समोर बसवून, एकही शब्द न अडखळता, आपण कोण आहोत ते सांगितलं. तेव्हापासून ती बारकी. आईला ते तोंडात बसायला वर्ष लागलं. ताईची लेक आता चार वर्षांची, तिला तेव्हा एक मिनिटही लागलं नाही. तिने आपल्या मामाला 'मामामावशी' करून टाकलं आणि ती खेळायला निघून गेली.

बारकी चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत काम करायची. काचा घासून चौकटीत बसवायचं काम. चौकटीत काच केसभर मोठी झाली तर तडकते आणि केसभर लहान झाली तर गळून पडते. तिच्या हातून दोन्ही होत नसे. अशी ही केसभराची माणूस वर्षभर दर पंधरा दिवसांनी समुपदेशकाकडे गेली. तिथे इतके प्रश्न झाले, की ती घरी येऊन म्हणायची, "पोलीस चोराला एवढं विचारत नाहीत गं, ताई." मग संप्रेरकांच्या डॉक्टर मिळाल्या. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. दोन औषधं द्यायची. एक बाईपणाचं संप्रेरक. दुसरं, अंगातलं पुरुषी संप्रेरक अडवणारी गोळी. या दुसऱ्या गोळीने रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून ते आधी किती आहे हे बघायचं. त्यातून बारकीचे बाबा मूत्रपिंडाच्या आजाराने गेलेले. "रिपोर्ट चांगला आला की त्याच दिवशी सुरू करू," डॉक्टर म्हणाल्या होत्या.

त्या सोमवारी संध्याकाळी बारकी दुकानातून थेट आली. बोटांच्या पेरांना काचेची पांढरी भुकटी. डावीकडच्या खुर्चीवर बसून तिने बाही वर केली.

"सकाळपासून काय काय खाल्लंस?"

"तुझं डोकं."

"म्हणजे उपाशीच आहेस."

दोघी हसल्या आणि तेवढ्यात पिवळ्या टोपणाची नळी भरली. बारकीने कापूस दाबून धरला आणि म्हणाली, "ताई, गुरुवारी सुरू होईल. खरंच होईल ना?"

"होणार की," ताई म्हणाली. तिच्या तोंडून ते लगेच निघालं. पोटातून नाही निघालं. पोटात कित्येक दिवस एक गोळा होता आणि तो कसला, हे तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं.

पिवळ्या टोपणाच्या नळीचं एक शास्त्र असतं. रक्त अर्धा तास तसंच ठेवायचं, गोठू द्यायचं. मग यंत्रात घालून दहा मिनिटं गरगर फिरवायचं, म्हणजे लाल पेशी खाली बसतात आणि वर पिवळं पाणी राहतं. तपासायचं ते हे पाणी. फिरवल्यावर नळी रात्रभर फ्रीजमध्ये राहिली तरी चालते. पण न फिरवता फ्रीजमध्ये ठेवली, तर थंडीने पेशी आपल्या पोटातलं पोटॅशियम हळूहळू बाहेर सोडतात. सकाळी आकडा चढलेला येतो. आणि पाणी दिसायला अगदी स्वच्छ. पेशी फुटून नमुना लाल झाला असता तर कुणालाही कळलं असतं. हे मात्र कुणाला कळत नाही.

त्या दिवशी पाळणाघरातून फोन आला. लेकीला ताप भरला होता. नवरा फिरतीवर. ताईने एका हाताने पर्स उचलली आणि दुसऱ्या हाताने समोरच्या सगळ्या नळ्या फ्रीजमध्ये सारल्या. फिरवलेल्यांत बारकीची न फिरवलेलीही गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कामावर आली तेव्हा सकाळच्या पाळीच्या मुलीने नळी आत्ताच आली असेल असं समजून, फिरवून, तपासून, रिपोर्ट पाठवूनही दिला होता. पोटॅशियम पाच पॉइंट नऊ. हद्द पाच पॉइंट एकची.

ताईला बघताक्षणी कळलं. अकरा वर्षांचं काम. आकडा तोंड उघडून बोलतो.

तेव्हाच फोन उचलायचा होता. "बारके, माझी चूक झाली, ये, पुन्हा काढू." बस, एवढंच. तिने फोन हातात घेतलाही. पण फोन हातात असतानाच पोटातला तो गोळा सैल झाला. गुरुवारी काही सुरू होणार नाही. निदान या गुरुवारी नाही. सुंठीवाचून खोकला गेला, असं तिच्या मनात आलं, आणि आलं म्हणून तिला स्वतःची किळस आली. पण फोन मात्र तिने पुन्हा टेबलावर ठेवला.

गुरुवारी बारकी डॉक्टरांकडून परतली ती पडलेल्या चेहऱ्याने. "म्हणाल्या, बाकी सगळं उत्तम आहे, हा एकच आकडा का चढलाय कळत नाही. त्यांनी विचारलंय, नमुना लाल झाला होता का?"

"नाही," ताई म्हणाली. "स्वच्छ होता."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. खरं बोलूनही माणसाला एवढं खोटं बोलता येतं, हे ताईला त्या दिवशी कळलं.

"मग पुन्हा तपासायला सांगितलंय," बारकी म्हणाली. "तूच काढ."

पहिली चूक होती. घाईची, तापाची, पाळणाघराची. देवाच्या दारातही माफ झाली असती. दुसरी चूक नव्हती. दुसऱ्या वेळी लेक ठणठणीत होती, घड्याळात भरपूर वेळ होता आणि यंत्र रिकामं पडलं होतं. ताईने नळी हातात धरून अर्धा तास काढला. मग फ्रीजचं दार उघडलं. दुसऱ्या दिवशीची सकाळची पाळी तिने स्वतःहून मागून घेतली होती. सकाळी तिने नळी काढली, फिरवली, तपासली. सहा पॉइंट एक. खाली सही केली. सही नेहमीसारखीच आली, वळणदार. हात जरासुद्धा कापला नाही, याचंच तिला नंतर भय वाटत राहिलं.

चार दिवस, ती स्वतःला सांगत होती. चार दिवस मिळाले तर काय बिघडतं. माणसाला मन तयार करायला वेळ नको का?

पण चार दिवस चार दिवसांवर थांबले नाहीत. दोनदा चढलेला आकडा आणि बाबांचा आजार, असं दोन्ही बघून डॉक्टरांनी गोळ्या बाजूला ठेवल्या आणि मूत्रपिंडाच्या मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी दिली. त्यांची वेळ मिळाली तीन आठवड्यांनंतरची.

त्या तीन आठवड्यांत आईच्या घरी फ्रीजच्या दारावर एक कागद लागला. बारकीच्या सुबक अक्षरात: केळी बंद. टोमॅटो बंद. बटाटा उकळून, पाणी फेकून. संत्री बंद. बारकीला केळी किती आवडत! लहानपणी तिला गप्प करायचं तर हातात केळं द्यायचं, मग तासभर घर शांत.

"मामामावशी, केळं खा ना," लेक म्हणाली आणि आपलं अर्धं चावलेलं केळं तिने पुढे केलं.

"मी रुसलेय केळ्यावर," बारकी म्हणाली.

"त्याने काय केलं?"

"त्याने काही नाही केलं. माझंच काहीतरी चुकलंय आतमध्ये."

ताई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. खाई त्याला खवखवे म्हणतात. ती वळली तेव्हा बारकी खिडकीच्या काचेत आपल्या डोळ्यांखालची सूज बघत होती. बाबांना आधी तिथेच सूज आली होती. बारकीच्या डोळ्यांखाली काही नव्हतं. भीती होती फक्त.

"ताई, मी विचार करतेय," ती काचेकडेच बघत म्हणाली, "सोडूनच द्यावं. बाबांचंच आलंय माझ्यात, तर कशाला हा खटाटोप? शरीरच नको म्हणतंय बघ. दोनदा विचारलं, दोनदा नको म्हणालं."

शरीर नको म्हणालं नव्हतं. ताईने म्हटलं होतं, शरीराच्या आवाजात. तिथेच सांगायला हवं होतं. ताईने ओठ उघडले आणि त्यातून निघालं काय, तर, "असं लगेच हातपाय गाळू नयेत गं." बारकीने तिच्याकडे इतक्या उपकाराच्या नजरेने पाहिलं, की ताईला वाटलं, धरणी दुभंगली तर बरं.

दोन दिवसांनी, ताईची सकाळची पाळी असताना, भर गर्दीत डावीकडच्या खुर्चीवर आई येऊन बसली.

चौदा जणांच्या मागे रांगेत उभी राहून आली होती. ताईची आई आहे म्हणून कुणी पुढे घेत होतं, तर नको म्हणाली होती. खुर्चीवर बसून तिने बाही वर केली, दंड पुढे केला आणि आवाज बारीक करून म्हणाली, "माझा रक्तगट पुन्हा बघ. आणि किडनी कशी चाललीय तेही बघ. बारकीला कळू द्यायचं नाही."

"कशाला?"

"कशाला काय? तुझ्या बाबांना द्यायला गेले तर माझी जुळली नाही. नवऱ्याची आणि आपली ना हाडं एक, ना रक्त, नाही जुळली. पण ही पोटची आहे. हिला जुळेल."

"आई, अजून कशाचा पत्ता नाही, आणि तू..."

"पत्ता लागेपर्यंत मी म्हातारी होईन. आत्ता आहे तोवर बघून ठेव." आईने इकडे तिकडे बघितलं. "त्या वेळी मी तिला फार बोलले गं. हे कसलं खूळ, लोक काय म्हणतील. तिने गप्प ऐकून घेतलं. आता काही का असेना, तिला काय व्हायचंय ते होऊ दे. जगली पाहिजे. बांध पट्टा."

ताईने पट्टा बांधला. आईची शीर चांगली, फुगीर. शिकाऊ पोरीलाही सापडली असती. ताईने सुई टोचली आणि ती शिरेच्या कडेने निसटली. पुन्हा टोचली. कातडीखाली निळा डाग पसरला.

"आई गं!" आई म्हणाली. मग नवल वाटून, "आज दुखलं गं. तुझी सुई आणि दुखली?"

ताईने सुई काढली. कापूस ठेवला, आईचं बोट त्यावर ठेवलं. "दाबून धर," ती म्हणाली. "तपासणी नको. काही नको. तू घरी जा, मी येते." आणि अंगातला पांढरा कोट काढून, रांगेतली माणसं तशीच टाकून, अकरा वर्षांत पहिल्यांदा ती भर कामातून बाहेर पडली.

चष्म्याच्या दुकानाची मागची खोली म्हणजे दोन माणसांपुरती. बारकी यंत्रावर काच घासत होती. पाण्याची धार, चाकाची घरघर, डोळ्यांवर जाड संरक्षक चष्मा. ताई दारातच उभी राहून बोलायला लागली. घरघरीत पहिलं वाक्य वाहून गेलं.

"काय?" बारकीने यंत्र बंद केलं.

आता बोलणं लपायला जागा उरली नाही. "तुझं पोटॅशियम वाढलेलं नाही. कधीच नव्हतं. मी नळी न फिरवता फ्रीजमध्ये ठेवली."

बारकीने चष्मा कपाळावर सरकवला. तिला यातलं निम्मं कळलं असावं, पण कळायला हवं होतं ते कळलं. "दोन्ही वेळा?"

"पहिली चुकून."

"आणि दुसरी?"

"मुद्दाम."

बारकीने हातातली काच फडक्यावर अलगद ठेवली, जणू फुटली तर ताईच्याच अंगावर फुटेल.

"मी रोज रात्री बाबांची डायलिसिसची वर्षं मोजायचे," ती म्हणाली. "साडेतीन. मग माझ्या वयात मिळवायचे. तू समोर बसून चहा प्यायचीस."

"हो."

"का?"

या एका शब्दापुढे ताईने वाटेत जुळवलेलं सगळं गळून पडलं. मन तयार नव्हतं, लोकांची भीती होती, हे सगळं दुय्यम होतं. पोटातला गोळा वेगळाच होता, आणि तो बाहेर आला तो फार लहान, फार मूर्ख दिसला. "तुझी हनुवटी," ताई म्हणाली. "बाबांची आहे. तू खाली बघून काम करतेस तेव्हा तर अगदी बाबाच. औषध सुरू झालं की चेहरा बदलेल, असं सगळे म्हणतात. मला वाटलं, तेवढे बाबाही जातील."

बारकी हसली. ते हसू काही गोड नव्हतं. "हाडं नाही बदलत, ताई. कातडी मऊ होते, गाल थोडे भरतात. हनुवटी आहे तशीच राहणार. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि मी घरी येऊन त्याच्यासाठीच रडले. ती हनुवटी मला नकोय, आणि नेमकी तीच राहणार आहे." तिने हाताच्या पाठीने नाक पुसलं, नाकावर पांढरी भुकटी लागली. "एकदा विचारायचं होतंस. तोंड होतं ना तुला?"

"चुकलं माझं."

"ते नको. आपण डॉक्टरांकडे जायचं. तू सांगायचंस. मी शेजारी बसेन, पण एका शब्दाची मदत करणार नाही. आणि आईला पण तूच."

"आई आज किडनी द्यायला आली होती," ताई म्हणाली.

बारकीने चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला आणि यंत्र सुरू केलं. घरघरीत तिचे खांदे हलताना दिसले. ताई पुढे झाली, तशी बारकीने मागे न बघता हात आडवा केला. ताई दारातच थांबली, आणि मग गेली.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. फक्त म्हणाल्या, "आम्ही त्या कागदावर विसंबून औषध देतो. उद्या उलटं झालं असतं, चढलेला आकडा तुम्ही दाबला असता, तर?" आणि नव्या तपासणीची चिठ्ठी लिहून ती ताईकडे न देता बारकीच्या हातात दिली.

लॅबच्या मोठ्या मॅडमना ताईने त्याच संध्याकाळी सांगितलं. मॅडमनी रजिस्टर उघडून दोन्ही तारखांवर लाल रेघ मारली. "काढून टाकायला हवं तुला," त्या म्हणाल्या. मग रजिस्टर मिटून, "सहा महिने रिपोर्टवर सही नाही. फक्त रक्त काढायचं. तुझ्या सुईवर माझा विश्वास आहे. सहीवर नाही."

तिसरी नळी बारकीने उजवीकडच्या खुर्चीवर बसून दिली. दुसऱ्या मुलीने काढली. दोनदा टोचावं लागलं, पण बारकीने डावीकडे मान वळवली नाही. आकडा आला चार पॉइंट दोन.

औषध कधी सुरू झालं, ते ताईला कुणी सांगितलं नाही. लेकीकडून कळलं. "मामामावशीने छोटीशी गोळी खाल्ली, आजीने पाणी दिलं, मला चंदेरी पाकीट दिलं," आणि ते रिकामं पाकीट तिने ताईला दाखवलं. ताईने ते उजेडात धरलं. दोन खळगे. कुणीतरी कित्येक वर्षं वाट बघितलेली वस्तू एवढीशी असते. ज्या दिवशी ती बारकीशेजारी असायला हवी होती, तो तिच्याशिवाय होऊन गेला होता. आणि हे योग्यच होतं, हेच खुपत होतं. लेकीने पाकीट परत मागितलं. ताईने दिलं.

सुरू केल्यावर चार आठवड्यांनी पोटॅशियम पुन्हा तपासायचं असतं. ताईला ती तारीख पाठ होती, पण तिने विचारलं नाही. त्या संध्याकाळी शेवटची दोन माणसं उरली होती, उजवीकडची खुर्ची रिकामी होती, आणि बारकी आली. उजवीकडच्या खुर्चीपाशी क्षणभर थांबली. मग येऊन डावीकडच्या खुर्चीत बसली आणि बाही वर केली.

ताईने तिच्याकडे बघितलं नाही, दंडाकडेच बघितलं. पट्टा बांधला. नेहमीचा प्रश्न विचारायची हिंमत झाली नाही. नळी भरली.

"दुखलं?"

"नाही," बारकी म्हणाली. मग काचेच्या दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसली. तिथून आतलं यंत्र सरळ दिसत होतं. "मी इथे आहे. फिरवून होईपर्यंत."

"अर्धा तास आधी ठेवावं लागतं. मग दहा मिनिटं."

"माहितीय. आता सगळं माहितीय मला."

ताईने नळी स्टँडमध्ये उभी केली, बारकीला चिठ्ठीवरचं नाव दिसेल अशी वळवून. अर्धा तास दोघी काचेच्या दोन बाजूंना होत्या. बारकीने पिशवीतून एक केळं काढलं आणि सोलून सावकाश खाल्लं. नळीवरची नजर न काढता. खाली बघून घास घेताना हनुवटी बाबांचीच होती. गाल मात्र, का कोण जाणे, जरा उजळ वाटले. चार आठवड्यांत तसं काही होत नसतं, हे ताईलाही ठाऊक होतं.

अर्ध्या तासाने यंत्र गरगरलं आणि थांबलं. ताईने नळी काढून काचेपाशी धरली. खाली लाल, वर स्वच्छ पिवळं.

"बघितलं?"

"बघितलं." बारकी उठली. "तीन महिन्यांनी पुन्हा आहे. तेव्हाही बसणार मी. त्याच्या पुढच्या वेळीही."

"बस."

बारकीने दार ढकललं, आत हात घातला आणि केळ्याची साल ताईच्या हातात ठेवली.

"टाक," ती म्हणाली, आणि गेली.